हवा पिणारा मासा

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या फाटकाशी बदामाचं एक जुनं झाड आहे. देशी बदाम. ज्याची फळं लहानपणी आम्ही दगडाने फोडायचो आणि आतल्या इवल्याशा बीसाठी बोटं ठेचून घ्यायचो, तेच झाड. थंडी सरत आली की त्याची पानं आधी पिवळट, मग तांबूस, मग कुंकवासारखी लाल होतात आणि टपाटप गळतात. ओंजळीएवढी मोठी पानं. जानेवारी-फेब्रुवारीत झाडणाऱ्या मावशींचा बराचसा वेळ त्या एका झाडाखालीच जातो.

त्या ढिगातून मी पानं निवडून घेते. आपसूक गळालेली, पूर्ण वाळलेली, चिकाचा किंवा पाखरांच्या विष्ठेचा डाग नसलेली. मावशींनी पहिले काही दिवस बघून न बघितल्यासारखं केलं. मग एकदा झाडू थांबवून विचारलं, "ताई, पूजेला का हो ही?"

"नाही मावशी, माशाला."

"मासा पाला खातो?"

खात नाही. माशाच्या पाण्यात ते पान ठेवायचं असतं. दोन दिवसांत पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. पानातली टॅनिनं पाण्यात उतरतात, पाणी किंचित आम्लधर्मी होतं, आणि त्या पानाच्या अर्काने काही जिवाणूंची वाढ रोखली जाते, असं प्रयोगशाळेतही दिसलेलं आहे. थायलंडमधले मासे पाळणारे लोक हे पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. त्यांच्या भाषेत या पानाला 'हू क्वांग' म्हणतात, म्हणजे हरणाचा कान. आमच्या फाटकाशी झाडून पेटवून दिली जाणारी हीच पानं दहा-दहाच्या पाकिटात घालून ऑनलाइन विकली जातात. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो मासा माझ्या अंगठ्याएवढा आहे. दुकानात त्याला फायटर म्हणतात, नाहीतर 'बेटा'. हिंदीतला बेटा वाटावा असाच उच्चार करतात. खरं नाव बेट्टा. मलय भाषेतल्या 'इकन बेताह' या शब्दांवरून ते आलं, असं मानलं जातं.

याआधीचा, म्हणजे आमच्या घरातला पहिला फायटर, माझ्या हातून गेला. मुलगी सात वर्षांची होती, वाढदिवसाला तिला मासा हवा होता. एका दुकानातून मी निळाजांभळा फायटर आणि काचेचा गोल बाऊल आणला. बाऊलमध्ये जेमतेम दीड लिटर पाणी. "फायटरला काही लागत नाही," दुकानदाराने सांगितलं होतं. "हवा नको, फिल्टर नको, मोठा टँक नको. तो हवेवर जगतो." आणि मी विश्वास ठेवला, कारण समोर दिसत होतं ते तसंच होतं. मासा जिवंत होता, देखणा होता, आरशासमोर धरला की कल्ले फुगवत होता. दर रविवारी मी बाऊल रिकामा करायचे, साबणाने नाही पण घासून लख्ख धुवायचे आणि नळाचं ताजं पाणी भरायचे. जानेवारीत त्याने खाणं सोडलं. शेपटीच्या कडा झिजल्या, काळवंडल्या. पाचव्या आठवड्यात तो तळाशी आडवा झाला. मुलीने विचारलं, "त्याला काय झालं?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते उत्तर शोधताना गेलेली वर्षं हा या लेखाचा ऐवज आहे. दुकानदार खोटं बोलला नव्हता. फायटर खरंच हवेवर जगतो. त्याचा घात झाला आहे तो याच गुणामुळे.

माशाने हवेत श्वास घ्यावा यात आपल्याकडच्या माणसाला नवल वाटायचं कारण नाही. ज्याने नदीकाठी किंवा तळ्याकाठी बालपण काढलं, त्याने मरळ पाहिलेला असतो. पाणी आटून चिखल झाला तरी तो तग धरतो, बाजारात टोपलीत ओल्या फडक्याखाली तासन् तास जिवंत राहतो. मरळाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा साठवायची पोकळी असते. फायटरमध्येही तशीच सोय आहे, फक्त जास्त गुंतागुंतीची. कल्ल्यांच्या वरच्या बाजूला हाडाच्या पातळ, दुमडलेल्या पापुद्र्यांचा एक अवयव असतो, आणि त्या पापुद्र्यांवर रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. घड्यांवर घड्या असल्यामुळे त्याला चक्रव्यूह म्हणजे लॅबिरिंथ अवयव असं नाव पडलं. मासा वर येतो, तोंडाने हवेचा घोट घेतो, हवा त्या घड्यांमधून फिरते आणि प्राणवायू थेट रक्तात उतरतो. कल्लेही काम करतात, पण एकट्या कल्ल्यांवर त्याचं भागत नाही. पृष्ठभागापर्यंत पोचू दिलं नाही, तर हा मासा पाण्यात गुदमरून मरतो.

हे सगळं घडलं ते त्याच्या मुलखामुळे. मध्य थायलंडचं सपाट खोरं, चाओ फ्राया नदीचा परिसर, भातखाचरं, दलदल, गवताने भरलेले उथळ कालवे. पाणी कोमट, संथ, पानापाचोळ्याने तपकिरी झालेलं, आणि प्राणवायू कमी. अशा पाण्यात वरून श्वास घेऊ शकणारा मासा टिकला. यावरूनच एक समज पसरला की फायटर गाईगुरांच्या खुराच्या खड्ड्यात राहतो, म्हणून त्याला पेला पुरतो. खाचरातलं पाणी उथळ असतं हे खरं, पण ते बांधापासून बांधापर्यंत पसरलेलं असतं, रोपांच्या हजार आडोशांनी भरलेलं असतं. उन्हाळ्यात पाणी आटलं की मासा डबक्यात अडकतो आणि पावसाची वाट बघत तग धरतो. त्याचं ते संकटातलं रूप आपण त्याचं घर समजून बसलो.

थाई भाषेत त्याला 'प्ला कात' म्हणतात, चावणारा मासा. दोन नर एकत्र आले की भांडतात. ही भांडणं लावून पैज खेळायची रीत तिथे फार जुनी आहे. २०२२ साली 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस'मध्ये आलेल्या एका जनुकीय अभ्यासानुसार माणसाने या माशाला निवडून वाढवायला किमान १००० वर्षांपूर्वी सुरुवात केली. म्हणजे इकडे शिलाहार राजे अंबरनाथचं शिवालय बांधत होते, साधारण त्या काळात तिकडे कुणीतरी शेतकरी खाचरातून जास्त चिवट नर वेगळा काढून मडक्यात ठेवत होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला थिओडोर कँटर नावाचा डॅनिश डॉक्टर होता. १८४९ च्या सुमारास कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने मलय भागातल्या माशांवर लिहिलं, त्यात हा मासा येतो. सयामचे लोक या झुंजींनी इतके झपाटलेले आहेत की पैसा तर लावतातच, प्रसंगी स्वतःला आणि बायकामुलांनाही पणाला लावतात. झुंजी भरवायच्या परवान्यातून राजाला चांगलं उत्पन्न मिळतं, असं तो नोंदवतो. १९१० साली लंडनच्या चार्ल्स टेट रेगनने त्याला आजचं शास्त्रीय नाव दिलं, बेट्टा स्प्लेंडेन्स. स्प्लेंडेन्स म्हणजे झळाळणारा. आणि २०१९ मध्ये थायलंड सरकारने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं.

या झळाळीचा बाजार बघायला मी क्रॉफर्ड मार्केटमध्ये जाऊन आले. पाळीव प्राण्यांच्या गल्लीत फायटर असतात ते तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या डब्यांत, नाहीतर रबरबँड लावलेल्या पिशव्यांत, रांगेने, एकावर एक. पाणी बऱ्याचदा निळसर असतं, औषधाचा रंग. एक मुलगा सराईतपणे डबे उचलून दाखवत होता. शेपूट उघडल्यावर अर्धचंद्र होतो तो हाफमून. कंगव्याच्या दात्यांसारखे पर असलेला क्राउनटेल. आखूड पराचा, अंगाने भरदार तो प्लॅकट. ठिपक्याठिपक्यांचा कोई. मी विचारलं, हा किती दिवस डब्यात आहे? त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "विकेपर्यंत."

यातले बरेचसे मासे थायलंडहून येतात, काही चेन्नईच्या कोळत्तूरहून, जिथे गल्लोगल्ली रंगीत माशांची पैदास होते. थायलंडमध्ये एकेक नर चपट्या बाटलीत वाढवतात, दोन बाटल्यांमध्ये पुठ्ठा, म्हणजे एकमेकांना बघून शक्ती दवडायला नको. रंगांचं वेड किती, तर २०१६ मध्ये थायलंडच्या झेंड्याचे लाल, पांढरे, निळे पट्टे अंगावर घेऊन जन्मलेला एक नर ऑनलाइन लिलावात ५३,५०० बाथला गेला. पण लांब पिसाऱ्याची किंमत मासाच मोजतो. जंगली फायटरचे पर आखूड असतात; तो झपकन पळतो. पिसारा जितका भारी, तितकं पोहणं कष्टाचं. काही नर थकून तळाशी बसून राहतात, काही स्वतःचीच शेपूट चावतात. अंगभर जाड, चांदीसारखे खवले असलेल्या ड्रॅगन जातीत कधीकधी ते खवले डोळ्यावर चढतात आणि मासा आंधळा होतो. सौंदर्याची ही निवड मला मान्य होत नाही. म्हणून यावेळी मी प्लॅकट घेतला. मातकट तांबडा, अंगावर हिरव्या झाकेचे खवले. दुकानातल्या मुलाला नवल वाटलं, कारण तो त्याच्याकडचा सगळ्यात स्वस्त होता.

आता ज्याच्याकडून मी खरं शिकले, त्या माणसाकडे येते. डोंबिवलीत राहणारे, रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ घराच्या गॅलरीत फायटरची पैदास करतात. नाव छापू नका म्हणाले. मी त्यांना काका म्हणते. गॅलरीत एका बाजूला तुळस, दुसऱ्या बाजूला थर्माकोलच्या पेट्या. पेटीत पाच-सहा इंच पाणी, त्यात बदामाचं पान, वर काच. "काच कशाला?" मी विचारलं. "वरची हवा दमट आणि कोमट राहायला हवी. पिल्लांचा हवेचा अवयव दोन-तीन आठवड्यांनी तयार होऊ लागतो. त्या दिवसांत गार वारा लागला की गेली."

त्यांनी काच अलगद सरकवली. पानाखाली साबणाच्या फेसासारखा बुडबुड्यांचा थर होता. नर वर येऊन हवा घेत होता आणि लाळेने गुंडाळलेला एकेक बुडबुडा त्या थराला चिकटवत होता. हे त्याचं घरटं. पाणी स्थिर, ऊबदार असेल, पोट भरलेलं असेल, तर मादी नसतानाही नर घरटं बांधतो. बाजूच्या काचेच्या ग्लासात मादी होती. अंगावर आडवे नव्हे, उभे पट्टे उमटलेले. "उभे पट्टे म्हणजे ती तयार आहे," काका म्हणाले. "आडवे असते तर ती घाबरलेली आहे. मग मी सोडत नाही."

मीलन बघायला मला दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं. तीन तास आम्ही दोघं स्टुलावर बसून होतो, काकूंनी दोनदा चहा आणला. आधी पाठलाग, फाटलेले पर. मग कधीतरी नर मादीभोवती धनुष्यासारखा वाकला आणि तिला विळखा घालून दोघं स्थिर झाले. विळखा सुटला तेव्हा मादी बेशुद्ध असल्यासारखी आडवी तरंगत राहिली आणि खसखशीच्या दाण्यांसारखी पांढरी अंडी खाली पडू लागली. नर त्यांच्यामागे धावला. एकेक अंडं तोंडात झेलून वर नेलं, बुडबुड्यांत नीट बसवलं, पुन्हा खाली आला. हे कितीतरी वेळा. शेवटी काकांनी मादीला जाळीने काढून घेतलं, कारण आता नर तिलाही घरट्याजवळ येऊ देणार नव्हता.

पुढचे तीन-चार दिवस तो जवळजवळ काहीच खात नाही. अंडं निसटलं की उचलून जागेवर. २४ ते ४८ तासांत पिल्लं बाहेर येतात, शेपटी खाली करून बुडबुड्यांना लोंबकळतात. तीही निसटतात आणि बाप त्यांनाही तोंडात धरून वर नेतो. कोनराड लोरेंझने प्राण्यांच्या वागणुकीवर लिहिलेल्या पुस्तकात फायटरच्या या प्रणयनृत्यावर मोठ्या प्रेमाने लिहिलं आहे. मला मात्र नृत्यापेक्षा हा बाप लक्षात राहिला. ज्याला आपण भांडखोर म्हणून ओळखतो, ज्याला आरसा दाखवून पाहुण्यांची करमणूक करतो, तो अंधारातसुद्धा पिल्लं गोळा करत असतो. काकांनी मोबाईलच्या मंद उजेडात मला रात्री दोन वाजताचं चित्रण दाखवलं. तो जागाच होता.

"भांडतो तो याच्यासाठीच," काका म्हणाले. "जागा राखायची असते. आरसा दाखवला की त्याला वाटतं कुणीतरी घरात शिरलंय. आणि तो कोणीतरी कधी जातच नाही."

काकांनीच मला पाण्याचं गणित शिकवलं. माझा पहिला मासा कशाने गेला, ते त्यांनी मी सगळं सांगून व्हायच्या आत ओळखलं. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो. अमोनिया माशाचे कल्ले भाजतो. तळ्यात, खाचरात त्याची विल्हेवाट जिवाणू लावतात: एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषारीच, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट करते, जे बरंच निरुपद्रवी आहे आणि जे झाडं शोषून घेतात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, काचेवर वस्ती करतात. ती वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी दर रविवारी बाऊल घासून लख्ख करत होते, म्हणजे दर रविवारी ती वस्ती उद्ध्वस्त करत होते. शिवाय नळाच्या पाण्यातलं क्लोरिन. तेही जिवाणू मारायलाच घातलेलं असतं. आणि दीड लिटर पाण्याला उष्णता धरून ठेवता येत नाही. ठाण्यातल्या जानेवारीच्या पहाटे ते पाणी १८-१९ अंशांपर्यंत उतरत असणार. त्याला हवं २५ ते २८. लॅबिरिंथ अवयवाने त्याला प्राणवायू मिळत राहिला, म्हणून तो लगेच मेला नाही. पाच आठवडे घेतले त्याने.

यावेळी टँक आधी आणला, मासा नंतर. २० लिटरचा, झाकण असलेला, कारण फायटर उडी मारतो. कोपऱ्यात छोटा स्पंज फिल्टर, हवेच्या पंपावर चालणारा. जोराचा प्रवाह त्याला सोसत नाही. २५ वॅटचा हीटर. पुण्या-नाशकात राहणाऱ्यांना तर तो हवाच. थोडी जाड वाळू, जावा फर्न, तरंगणारी वनस्पती, आणि बदामाचं पान. चिमूटभर माशांचं खाद्य टाकून महिनाभर नुसतं पाणी सांभाळलं, दर दोन-तीन दिवसांनी तपासणीच्या किटने अमोनिया आणि नायट्राइट मोजलं. घरातल्यांना ते विचित्र वाटलं, रिकाम्या टँकची इतकी सेवा. दोन्ही आकडे शून्यावर आले त्या दिवशी मी क्रॉफर्ड मार्केटला गेले. आता आठवड्याला फक्त पाचवा हिस्सा पाणी बदलते, अँटिक्लोरिन घालून, आतल्या पाण्याइतकं कोमट करून. स्पंज धुवायचा तर टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळायचा. काम दहा मिनिटांचं असतं.

खाण्याबद्दल एकच सांगते, कारण जास्त मासे उपासाने नाही, लाडाने मरतात. त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढं समजावं. सकाळ-संध्याकाळ दोन-तीन दाणे, आठवड्यात एक दिवस काही नाही. तो मांसाहारी आहे; निसर्गात किडे, डासांच्या अळ्या, बारीक जलजीव खातो. फुलदाणीत झाड आणि खाली फायटर अशी एक फॅशन मध्यंतरी आली होती, मुळं खाऊन तो जगतो म्हणून. तो मुळं खात नाही. तो उपाशी असतो. आणि कंटाळा आला म्हणून कुणी त्याला तलावात सोडू नये, ही कळकळीची विनंती. आपल्या तलावांत तो एकतर मरेल, नाहीतर तिथल्या माशांच्या वाट्याचं खाईल.

माझा तांबडा आता दीड वर्षाचा आहे. नीट जपला तर आणखी दीड-दोन वर्षं. तो मला ओळखतो असं म्हणायचं धाडस मी करत नाही, पण मी खुर्ची ओढली की तो पुढच्या काचेशी येतो, आणि दुसरं कुणी आलं की बरेचदा येत नाही. दुपारी तो पानावर पडून असतो. बदामाचं पान तळाशी जाऊन मऊ झालं की त्याचा पलंग होतो. एका कुशीवर, अगदी निश्चल. पहिल्या वेळी काळजाचा ठोका चुकला होता. मग तो उठला, वर गेला, एक घोट हवा घेतली आणि पुन्हा येऊन पडला.

गेल्या फेब्रुवारीत मावशी पाण्याची बाटली भरून घ्यायला वर आल्या, तेव्हा मी त्यांना तो दाखवला. काचेजवळ वाकून त्या बराच वेळ बघत राहिल्या. पान ओळखलं त्यांनी. "एवढा एकटाच?" म्हणाल्या. एकटाच राहतो म्हटलं, त्याला तेच आवडतं. तेवढ्यात तो वर आला, तोंड पाण्याबाहेर काढलं, टप् असा बारीक आवाज झाला. "श्वास घेतला की त्याने!" मावशी म्हणाल्या. "माणसासारखा."

त्या दिवसापासून चांगली, न फाटलेली लाल पानं त्या वेगळी काढतात आणि फाटकाजवळच्या बाकावर ठेवून देतात. वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर एक दगड असतो.